बारा महिन्यांच्या फायली, एक टेबल

प्रश्न: धरणगावजवळच्या एका जिनिंगमध्ये मी हिशेब पाहतो. कापूस खरेदीची फाईल दर महिन्याला वेगळी असते आणि आजवर त्या एकीखाली एक चिकटवत आलो. हे क्वेरीने करता येईल का? युनियन वापरावे की युनियन ऑल?

येईल. क्वेरी म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा; ओळी एकीखाली एक जोडणाऱ्या युनियन आणि युनियन ऑल या दोन आज्ञांपैकी आपल्या कामासाठी युनियन ऑलच वापरावे. युनियन ही आज्ञा तंतोतंत सारख्या ओळींपैकी एकच ठेवते. एकाच शेतकऱ्याने एकाच दिवशी दोन गाड्या आणल्या, दोन्हींचे वजन आणि भाव सारखे निघाले आणि फायलीत काटापावतीचा क्रमांक नसला, तर युनियन दुसरी गाडी कोणतीही सूचना न देता गाळून टाकते आणि शेतकऱ्याच्या खात्यावर एका गाडीचे पैसे कमी दिसतात. युनियन ऑल प्रत्येक ओळ जशीच्या तशी ठेवते, आणि ओळींची तुलना करावी लागत नसल्याने वेगानेही चालते.

दुसरी काळजी कॉलमांच्या क्रमाची. जोडणी कॉलमच्या नावावरून होत नाही, स्थानावरून होते. ऑक्टोबरच्या फायलीत आधी वजन आणि मग भाव असेल, जानेवारीच्या फायलीत मात्र कोणी तरी हा क्रम उलटा केला असेल, तर दोन्ही आकडेच असल्यामुळे डेटाबेस हरकत घेत नाही. वजन आणि भाव यांचा गुणाकार तोच येत असल्याने एकूण रकमेची बेरीजही जुळते, आणि नेमकी त्यामुळेच ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते. म्हणून सिलेक्टपुढे (कोणते कॉलम घ्यायचे ते सांगणाऱ्या आज्ञेपुढे) नुसती तारका, म्हणजे ‘सगळे कॉलम’, न देता प्रत्येक कॉलमचे नाव लिहावे आणि इन्सर्ट इनटूमध्येही (टेबलात ओळी भरणाऱ्या आज्ञेतही) तीच यादी त्याच क्रमाने द्यावी. तपासताना रकमेइतकीच वजनाची बेरीजही पाहावी.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की फायली थेट पक्क्या टेबलात भरू नयेत. आधी एक कच्चे टेबल करावे, त्यातले सर्व कॉलम मजकूर प्रकारचे ठेवावेत आणि मूळ फायलीचे नाव व त्या फायलीतील ओळीचा क्रमांक असे दोन कॉलम जादा जोडावेत. मजकूर प्रकाराचा आग्रह यासाठी, की 05/11 ही आपली 5 नोव्हेंबर अमेरिकी मांडणीच्या संगणकावर 11 मे म्हणून वाचली जाते, तर 12 तारखेच्या पुढच्या नोंदी उलट वाचता येत नसल्याने तशाच मजकूर म्हणून राहतात. परिणामी एकाच कॉलममध्ये अर्ध्या तारखा खोट्या आणि अर्ध्या न वाचलेल्या अशी स्थिती होते. बँक खात्यांच्या क्रमांकांचेही तेच. एक्सेल त्यांना संख्या समजले, तर सुरुवातीचे शून्य जाते आणि 15 अंकांपुढचा प्रत्येक अंक शून्य होतो. तो अंक पुढे कोणत्याही क्वेरीने परत मिळत नाही, म्हणून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर) फाईल एक्सेलमध्ये उघडून पुन्हा जतन करण्याची सवय सोडावी. कच्च्या टेबलातून पक्क्यात नेताना तारीख आणि संख्या यांचे रूपांतर करावे, आणि शेवटी ग्रुप बाय (गटवार मोजणी-बेरजेची आज्ञा) लावून प्रत्येक फायलीच्या ओळी व वजन दोन्ही टेबलांत जुळतात का, ते पाहावे.

प्रश्न: सावद्याच्या आमच्या केळी खरेदी केंद्रात एकच फाईल चुकून दोनदा चढवली गेली. पुन्हा असे होऊ नये म्हणून काय करावे?

डेटाबेसलाच नियम घालून द्यावा. नुसता पावती क्रमांक पुरत नाही, कारण नवे पावतीपुस्तक बहुधा पुन्हा 1 पासून सुरू होते. केंद्र, आर्थिक वर्ष आणि पावती क्रमांक या तिन्हींवर मिळून युनिक निर्बंध, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा न स्वीकारण्याचा नियम, लावावा. एसक्यूलाईट या डेटाबेस प्रणालीत इन्सर्ट ऑर इग्नोर लिहिले की हा नियम मोडणारी ओळ निमूटपणे वगळली जाते. पण मी ते पहिला उपाय म्हणून सुचवणार नाही. तोच क्रमांक वेगळ्या वजनासह आला असेल, तर ती दुरुस्ती असू शकते आणि तिचा निर्णय माणसानेच घेतला पाहिजे. आधी जॉइन करून (दोन टेबलांच्या ओळी समान मूल्यावर जोडून) असे क्रमांक काढून पाहावेत आणि मगच भरणा करावा. संपूर्ण भरणा एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एक तर सगळे होते, नाही तर काहीच होत नाही, अशा गटात) ठेवला, तर मध्येच वीज गेली तरी अर्धी फाईल टेबलात राहत नाही.

प्रश्न: रावेरहून बऱ्हाणपूरला जाणाऱ्या मालाची बेरीज काढली, तर बऱ्हाणपूर दोनदा येते. दोन्ही अक्षरे सारखीच दिसतात.

दिसायला सारखी असली तरी आत वेगळी आहेत. युनिकोडमध्ये (संगणकाच्या अक्षरसंकेत पद्धतीत) ‘ऱ्ह’ दोन प्रकारे टंकता येतो: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. कळफलक बदलला की रूप बदलते, आणि युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करणे) करूनही ही दोन रूपे एक होत नाहीत. कच्च्या टेबलावर रिप्लेस (एक मजकूर काढून दुसरा घालणारी आज्ञा) चालवून एकच रूप ठेवावे. शिंदखेडा आणि सिंदखेडा यांसारख्या लेखनभेदांसाठी मात्र आलेले रूप व ठरवलेले नाव अशा दोन कॉलमांचे जुळणी टेबल करून त्याच्याशी जॉइन करणेच योग्य.

प्रश्न: एक्सेल सोडण्याची खरोखर गरज आहे का?

एका शीटमध्ये 10,48,576 ओळी मावतात, त्यामुळे लहान केंद्राला जागेची अडचण नाही. मात्र युनिक निर्बंध आणि ट्रान्झॅक्शन तेथे मिळत नाहीत. एसक्यूलाईट विनामूल्य आहे आणि सगळा डेटाबेस एकाच फायलीत राहतो.

प्रश्न: शहादा आणि तळोदा येथील जुन्या नोंदींत जिल्हा धुळे आहे, नव्यांत नंदुरबार. सगळीकडे नंदुरबार करून टाकू का?

करू नये. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झाला, म्हणजे त्याआधीच्या नोंदीतला धुळे बरोबरच आहे. मुख्य टेबलात फक्त तालुक्याचा संकेतांक ठेवावा आणि तालुका, जिल्हा, केव्हापासून, केव्हापर्यंत अशा चार कॉलमांचे वेगळे टेबल करावे. नोंदीची तारीख त्या दोन तारखांच्या दरम्यान असण्याची (आणि शेवटची तारीख रिकामी असल्यास फक्त सुरुवातीनंतरची असण्याची) अट जॉइनमध्ये घातली, की त्या काळचा जिल्हा मिळतो. आजच्या जिल्ह्याप्रमाणे बेरीज हवी असेल, तर त्याच टेबलातील शेवटची तारीख रिकामी असलेली ओळ घ्यावी.