जामीन मंजूर, मग सुटका का अडली?

प्रश्न : माझ्या भावाला सांगलीच्या कोर्टाने चार दिवसांपूर्वी २५ हजारांचा जामीन दिला. तेवढे पैसे जमत नाहीत, म्हणून तो अजून जेलमध्येच आहे. काय करावं? – एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : आधी आदेशाची नक्कल घ्या आणि अटीची ओळ वाचा. ‘२५,००० रुपयांचा जातमुचलका (म्हणजे स्वतःचं लेखी हमीपत्र) व तितक्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार’ असं लिहिलं असेल, तर आज कोर्टात ती रक्कम भरायची नसते. भाऊ तारखांना गैरहजर राहिला, तरच ती वसूल होते. हे कुणी नीट सांगत नाही आणि घरची माणसं दागिने मोडतात, याचं फार वाईट वाटतं.

तुम्हाला जामीनदार उभा करायचा आहे. त्याने ताजा सातबारा, आठ-अ (जमिनीचा खातेउतारा), आधार, रेशनकार्ड आणि फोटो घेऊन स्वतः यावं. जमीन नसेल तर पगारपत्रक किंवा घरपट्टीची पावती अनेकदा चालते. काही ठिकाणी तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला मागतात आणि त्यातच दिवस जातात, म्हणून वकिलांना आधीच विचारून ठेवा. सातबारा सामाईक असून वाटा स्पष्ट नसेल किंवा त्यावर कर्जाचा मोठा बोजा असेल, तर जामीनदार नाकारला जाऊ शकतो. आपण आणखी किती जणांना जामीन राहिलो आहोत, हेही त्याला लिहून द्यावं लागतं. पैसे घेऊन जामीन राहणाऱ्यांच्या नादी अजिबात लागू नका. कागद खोटे निघाले, तर भाऊ पुन्हा आत जाईल आणि वर नवा गुन्हा दाखल होईल.

कोर्टाने जामीनदार स्वीकारला की रिलीज ऑर्डर निघते. त्यातलं नाव, वडिलांचं नाव, गुन्हा रजिस्टर नंबर आणि कलमं तिथेच तपासा. जेलच्या कागदांशी ती जुळली नाहीत तर सुटका अडते. संध्याकाळी कैद्यांना बराकीत बंद केल्यावर ऑर्डर पोचली, तर सहसा दुसरा दिवस उजाडतो. दुसऱ्या गुन्ह्यातही अटक असेल, तर तिथला जामीन वेगळा करावा लागतो.

जामीनदार लगेच मिळत नसेल, तर तात्पुरत्या रोख जामिनाचा, म्हणजे जामीनदाराऐवजी रक्कम कोर्टात भरण्याचा अर्ज द्या. पावती जपून ठेवा, ती परताव्याला लागते. तेही जमत नसेल, तर मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर जेल अधीक्षकांनी प्राधिकरणाला कळवायचं, असे सर्वोच्च न्यायालयाचे जानेवारी २०२३ चे निर्देश आहेत. महिना उलटला, तर कोर्ट स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. गरीब कैद्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेतून पैशांची मदत मिळू शकते. मात्र अमली पदार्थ, भ्रष्टाचार यांसारख्या कायद्यांखालचे गुन्हे त्यात बसत नाहीत.

प्रश्न : मी सातारच्या कोर्टात गावातल्या एकाला जामीन राहिलो. तो आता तारखांना जात नाही. मला सुटता येईल का? – एक शेतकरी, माण तालुका

उत्तर : येईल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८९ खाली त्याच कोर्टात अर्ज करा. कोर्ट त्याच्यावर वॉरंट काढेल. तो हजर झाला की तुमचा मुचलका रद्द होईल आणि त्याला नवा जामीनदार द्यावा लागेल. तोवर जबाबदारी तुमचीच आहे, तेव्हा त्याचा ठावठिकाणा माहीत असेल तर अर्जात लिहा. दरम्यान वसुलीची नोटीस आली, तर घरात ठेवून देऊ नका. हजर राहून कारण मांडलंत, तर कोर्ट रकमेचा काही भाग माफ करू शकतं. रक्कम भरली नाही आणि वसूलही झाली नाही, तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात कैद होऊ शकते.