कडेनेच चाललो होतो, म्हणून पडलो

तुम्ही विचारलंय : "वारज्याहून डेक्कनला रोज सायकलने जायला लागलोय. कडेने चालवली की गाड्या हँडलला खेटून जातात, मधून चालवली की मागून हॉर्न. सायकल नेमकी कुठून चालवायची? आणि आरसा लावावा का?"

कडेने चालवू नका. कडेपासून निदान तीन फूट आत राहा, उभ्या गाड्यांची रांग असेल तर रांगेपासून तीन-चार फूट. रस्ता अरुंद झाला की सरळ लेनच्या मधोमध या. माझा उजवा खांदा पावसाळ्यात अजून ठणकतो, त्यामुळे या बाबतीत मला दोन्ही बाजूंचं ऐकून घेता येत नाही.

२०१६ सालची गोष्ट. मी सहकारनगरहून डेक्कनला कामाला जायचो, स्वारगेटवरून टिळक रोडने. सकाळी सव्वानऊची वेळ. डावीकडे गाड्या लावलेल्या, मी त्यांच्या अगदी लगत, फूट-दीड फुटावरून. लहानपणापासून तेच शिकवलेलं. एका करड्या गाडीचं दार उघडलं. मला आधी दिसली ती दाराच्या कडेवरची चार बोटं, त्यातल्या एकात पोवळ्याची अंगठी. ब्रेकपर्यंत माझा हात पोचलाच नाही. दाराची कड हँडलच्या डाव्या टोकाला लागली, हँडल गर्रकन डावीकडे वळलं आणि मी उजवीकडे, रस्त्याच्या मधल्या बाजूला फेकला गेलो. मागून बस येत होती. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला म्हणून आज हे लिहितोय. पडल्या पडल्या डोळ्यांसमोर तिचं पुढचं चाक होतं, हात लांबवला असता तर टायरला लागला असता. डबा उघडून मटकीची उसळ रस्त्यावर पसरली होती आणि एक माणूस डब्याचं झाकण घेऊन माझ्याकडे येत होता. गाडीवाले म्हणाले, "काका, दिसलाच नाहीत तुम्ही."

कॉलरबोन मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात.

ते दुखणं गेलं. राहिलं ते संध्याकाळचं. माझा मोठा भाऊ दवाखान्यात आला आणि खुर्चीवर बसायच्या आधी म्हणाला, "कितीदा सांगितलं तुला, कडेने चालवत जा. मध्ये घुसायची हौस नडली." मी कुठे होतो हे त्याने विचारलंही नाही. आईने मान डोलावली. मला बोलताना खांद्यातून कळ येत होती, म्हणून गप्प बसलो. घरात आजही तीच हकिगत सांगितली जाते : धाकटा मधून चालला होता आणि पडला.

मला जास्त लागलं ते एका कारणाने. आमचे वडील खडकीच्या कारखान्यात सायकलने जायचे. शिफ्ट सुटली की सगळा रस्ता सायकलींनी भरलेला असायचा, कडेने जाण्याचा प्रश्नच नव्हता. दादा त्यांच्याच सायकलच्या पुढच्या दांडीवर बसून शाळेत गेला. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते याच माणसांमुळे. त्याच घरातला मुलगा आता म्हणतो, रस्ता गाड्यांचा, सायकल कडेची.

आता हिशोब सांगतो. शहरातल्या रस्त्यावर एक लेन साधारण ३.५ मीटरची. बस अडीच मीटर. उरला एक मीटर. सायकलचं हँडल सुमारे ६० सेंटीमीटर, आणि माणूस सायकलवर थोडा डुलतोच. म्हणजे तुमच्या दोन्ही बाजूंना मिळून ४० सेंटीमीटर, एका बाजूला वीतभरसुद्धा नाही. तुम्ही कडेला चिकटलात की मागच्याला वाटतं, बसतंय की, जाऊ या. तो घुसतो. तुम्ही मधे असलात की त्याला लांबूनच कळतं की जायचं तर शेजारच्या लेनमधूनच, नाहीतर थांबायचं. शिवाय कडेला काय असतं ते तुम्ही रोज बघताच : चेंबरची जाळी, जिच्या उभ्या फटीत बारीक टायर अडकतो, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक यांच्यामधली खाच, वाळू, काचा, आणि उलट्या दिशेने येणारे दुचाकीवाले. हे चुकवायला तुम्ही अचानक उजवीकडे येता. मागच्याला नेमकं तेच नको असतं. सरळ रेषेत चालणारा सायकलवाला त्याला दिसतो आणि कळतोही.

दादाचं म्हणणं, कायदाच डावीकडून चालायला सांगतो. हात गळ्यात असताना मी तो शोधून वाचला. तेव्हा १९८९ची नियमावली लागू होती (२०१७ला ती बदलली). त्यात लिहिलं होतं की मोटार वाहनाच्या चालकाने सोयीचं असेल तितकं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवावं. मोटार वाहनाच्या! म्हणजे तो नियम दादाच्या गाडीला होता. आणि तो नियम वाचून दादाने कधी गटाराच्या कडेने गाडी चालवलेली नाही. डावी बाजू म्हणजे गटार नव्हे, हे त्याला स्वतःपुरतं बरोबर कळत होतं.

पुढे त्याचाच मुलगा इंग्लंडला गेला. जानेवारी २०२२मध्ये तिथल्या हायवे कोडमध्ये, म्हणजे सगळ्या रस्त्यांवरच्या वाहतुकीच्या नियमावलीत, बदल झाले, ते त्याने आम्हाला पाठवले. शांत रस्त्यावर, वाहतूक हळू असेल तेव्हा, चौक किंवा अरुंद रस्ता जवळ आला की सायकलवाल्याने लेनच्या मधून चालवावी. जलद वाहतुकीच्या रस्त्यावर कडेपासून निदान अर्धा मीटर, उभ्या गाड्यांपासून एक मीटर. आणि तासाला ३० मैलांपर्यंतच्या वेगात ओलांडणाऱ्या गाडीने सायकलपासून निदान दीड मीटर लांबून जावं. दादा म्हणाला, ते इंग्लंड आहे. इंग्लंडमध्येही गाडीचं दार बाहेरच उघडतं, दादा.

तुमच्या रस्त्याबद्दल एवढंच : नळस्टॉपच्या पुलावर चढू नका, खालून जा. चढाच्या शेजारी खालचा रस्ता आक्रसतो, तिथे आधीच, पन्नासेक मीटर अलीकडे, मागे बघून, हात दाखवून मधे या आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा डावीकडे सरका. सिग्नलला बसच्या किंवा ट्रकच्या डाव्या बाजूला कधीही थांबू नका, ड्रायव्हरला तिथलं दिसत नाही आणि तो डावीकडे वळला तर तुम्हाला जागाच उरत नाही. त्याच्या मागे थांबा. हॉर्न वाजू द्या. हॉर्न वाजवणाऱ्याने तुम्हाला पाहिलेलं असतं. माझ्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला नव्हता.

आरसा लावा, पण सरळ रेषा न सोडता मान वळवून मागे बघणं आधी एखाद्या मैदानावर पक्कं करा. हात दाखवताना एका हाताने सायकल सावरता आली पाहिजे.

दादाच्या गाडीत बसलो की हल्ली मी एक करतो. गाडी थांबली की त्याला म्हणतो, दार डाव्या हाताने उघड. डावा हात उजवीकडच्या दाराला न्यायचा म्हणजे अंग वळतं आणि मागून येणारा दिसतो. तो चिडतो, पण उघडतो. टिळक रोडबद्दल अजून काही बोललेला नाही.

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं : मधून चालवायचं ते शहरातल्या रस्त्यांवर, जिथे गर्दीत गाड्यांचा वेग तुमच्यापेक्षा फार जास्त नसतो. रात्री मागे लाल दिवा नसेल तर लेनच्या मधे जाऊ नका. मागून अँब्युलन्स आली किंवा मागे लांब रांग लागली तर बाजूला होऊन जाऊ द्या, त्यात काही कमीपणा नाही. महामार्गावर यातलं काहीच लागू नाही. वारज्यात बायपास अगदी दाराशी आहे, पण त्यावर सायकल घालू नका, सर्व्हिस रोडनेच या.