पडवीत बसलेली मुलं

प्रश्न : माझे यजमान ७१ वर्षांचे, पार्किन्सन्स आहे. सिंडोपा, प्रॅमिपेक्सोल आणि थरथरीसाठी ट्रायहेक्सीफेनिडिल चालू आहे. गणपतीनंतर त्यांना तिन्हीसांजेला पडवीत दोन मुलं बसलेली दिसू लागली. आधी "खरी नाहीत ती" असं स्वतःच म्हणायचे. आता मुलांना पेज वाढायला सांगतात. दागिने मी त्या मुलांना देऊन टाकले, असा आळही घेतला. एका रात्री फार आरडाओरडा झाला म्हणून जवळच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तर दोन दिवस अंग लाकडासारखं ताठ, घास गिळवेना. जाऊबाई म्हणतात, बाहेरचं आहे, गाऱ्हाणं घालू. सिंडोपा बंद करून बघू का?
– एक वाचक, वेंगुर्ले तालुका

उत्तर : ताई, सिंडोपा अचानक बंद करू नका. अंग आखडतं, ताप चढतो, जिवावर बेतू शकतं.

गाऱ्हाणं जरूर घाला, पण त्यापायी डॉक्टरांकडे जायचं लांबवू नका. असे भास पार्किन्सन्समध्ये खूप जणांना होतात. आजाराने मेंदूत होणारे बदल हे एक कारण, औषधं हे दुसरं. आधी लघवी तपासून घ्या, रक्तातलं सोडियमही. जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं, एवढ्यानेही म्हातारं माणूस भ्रमतं. ते निस्तरलं की औषधांची छाटणी. ती न्यूरॉलॉजिस्टनेच करायची. या वयात माझा पहिला संशय ट्रायहेक्सीफेनिडिलवर. मग प्रॅमिपेक्सोल हळूहळू उतरवतात. सिंडोपाला हात सगळ्यात शेवटी.

इतकं करूनही भास राहिले, तर भास कमी करणारं क्वेटियापिन रात्री अगदी थोडं, १२.५ मिलिग्रॅमपासून. क्लोझापिनचा गुण जास्त खात्रीचा, पण पांढऱ्या पेशी घटू शकतात म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. खेड्यातून ते जमवणं किती कठीण आहे, हे मी रोज बघतो. याच भासांवरच्या पिमावॅन्सेरिन या औषधाला अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली. त्याने डोपामिन, म्हणजे हालचालीसाठी लागणारं आणि पार्किन्सन्समध्ये कमी पडणारं मेंदूतलं रसायन, अडत नाही.

इंजेक्शन कोणतं होतं ते विचारून घ्या. अशा वेळी बरेचदा हॅलोपेरिडॉल देतात, आणि ते उरलंसुरलं डोपामिनही अडवतं. हॅलोपेरिडॉल, ओलान्झापिन, रिस्पेरिडॉन आणि उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड ही चार नावं ठळक अक्षरांत लिहून गोळ्यांच्या डब्यावर चिकटवा. रात्री-अपरात्री येणाऱ्या डॉक्टरांना आधी तो डबा दाखवा.

दागिन्यांचं बोलणं तुम्हाला लागलं असणार. पण जन्मभर बायकोवर विश्वास टाकलेली माणसं या आजारात चोरीचा, बाहेरख्यालीपणाचासुद्धा संशय घेतात. वाद घालू नका. मुलं नाहीतच, असं पटवत बसू नका, आणि पेजही वाढू नका. "मला दिसत नाहीत, पण मी इथेच आहे," म्हणा आणि त्यांना माजघरात घेऊन या. अंधारून यायच्या आधीच पडवीत दिवा लावा, खुंटीवरचे रेनकोट आणि घोंगडी काढून ठेवा. अंधुक उजेडात त्यांचीच माणसं होतात.

कोयता, विळी हाताशी ठेवू नका. मुलांना हाकलायला म्हणून ते रात्री अंगणात उतरू लागले, किंवा ताप आला, ग्लानी आली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात न्या.