शेवटी सगळेच गातात

प्रश्न : माझा मुलगा दिवसभर 'द हेड अँड द हार्ट' या अमेरिकी इंडी-फोक बँडची गाणी लावतो. मित्रमंडळींना तो 'मी निवडलेलं कुटुंब' म्हणतो. गाणी ऐकलीस तर कळेल, असंही म्हणतो. मला इंग्रजी शब्द पटकन लागत नाहीत. ऐकू तरी काय? आणि खरं सांगायचं, तर हे जरा टोचतंच. – एक आई

उत्तर : ताई, टोचतं हे लिहिलंत, बरं केलंत. शब्द तूर्त सोडा. एखादं गाणं लावा आणि नुसते गळे मोजा. पुष्कळदा आधी एकच आवाज असतो, साथीला गिटार नाहीतर पियानो. मग दुसरा येतो. तो पहिल्यावर चढत नाही, त्याच्या कडेला बसतो. मग बँडमधल्या शॅरिटी रोज थीलनचं व्हायोलिन आणि तिचा किंचित खरखरीत गळा. शेवटी सगळेच गातात, आणि सुरुवात कोणी केली होती हे विसरायला होतं. समूहगानात मी बरीच वर्षं खालचा सूर धरला आहे. तिथे आपलाच आवाज ठळक ऐकू यायला लागला की ओळखायचं, शेजारच्याकडे आपलं लक्ष उरलेलं नाही. या मंडळींचं लक्ष असतं.

आता तुमच्या टोचण्याबद्दल. २००९ च्या सुमारास सिअ‍ॅटलच्या बॅलार्ड भागातल्या एका पबात, कोणीही उठून गावं अशा रात्रींना हे बँडवाले जमले. जॉनथन रसेल व्हर्जिनियातून आलेला, जोसाया जॉन्सन कॅलिफोर्नियातून. घराशी भांडून नव्हे. परक्या शहरात आले आणि एकमेकांना धरलं. पहिला अल्बम स्वतःच काढला आणि सीडीसाठी डेनिमची पाकिटं हातांनी केली. (मला हा तपशील त्यांच्या काही गाण्यांपेक्षाही आवडतो.) २०११ मध्ये 'सब पॉप' या रेकॉर्ड कंपनीने तोच अल्बम पुन्हा काढला.

निवडलेल्या घरातूनही माणूस जातो बरं का. २०१६ मध्ये जॉन्सन व्यसनमुक्तीसाठी बाजूला झाला. पुढे बँडमध्ये आला मॅटी जर्व्हेस, म्हणजे शॅरिटीचा नवरा. झालं, सोयरीक शिरलीच! चिरंजीवांना हे अवश्य ऐकवा.

आणि पुढच्या वेळी गाणं लागलं की शेजारी बसा. यातला तुझा आवाज कुठला, एवढंच विचारा. काय म्हणाला, ते मला कळवा.