चुनखडकातून पाणी कसे चढते आणि ते कसे मोजतात?

प्रश्न : पारोळा तालुक्यात आमचा धाब्याचा जुना वाडा आहे. जोते काळ्या दगडाचे, वरची भिंत चुन्यात बांधलेल्या विटांची. भिंतीला कमरेइतकी ओल चढते, लोणा लागतो आणि गिलावा सुटतो. चुनखडकाच्या जुन्या स्मारकांत पाणी किती मुरते ते मोजून मगच दुरुस्ती करतात, असे वाचले. ते कसे मोजतात आणि आम्हाला त्याचा उपयोग होईल का?

उत्तर : खानदेशातला काळा दगड घट्ट असतो, त्यामुळे आपल्याकडे पाणी दगडातून कमी आणि चुन्याच्या सांध्यांतून व विटांतून जास्त चढते. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचा किंवा माल्टातील जुन्या इमारतींचा चुनखडक मात्र स्वतःच सच्छिद्र आहे. दिव्याच्या वातीत तेल चढावे, तसे त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी चढते.

प्रयोगशाळेत दगडाचा तुकडा वजन स्थिरावेपर्यंत वाळवतात, त्याचा तळ दोन-तीन मिलिमीटर पाण्यात ठेवतात आणि ठरावीक वेळांनी तो उचलून, तळाचे थेंब ओल्या फडक्याने टिपून, वजन करतात. शोषलेले पाणी वेळेच्या नव्हे, तर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते : पहिल्या मिनिटाअखेर 10 ग्रॅम शोषले असेल, तर चौथ्या मिनिटाअखेर 20 आणि नवव्या मिनिटाअखेर 30 ग्रॅम. तळाच्या दर एकक क्षेत्रफळामागे शोषलेले पाणी आणि वेळेचे वर्गमूळ यांचा आलेख काढला, तर सरळ रेषा येते; तिचा चढ म्हणजे त्या दगडाची शोषकता. चुनखडक थरांनी बनलेला असल्याने थरांच्या दिशेने आणि थरांना आडवे असे दोन्ही प्रकारे मोजावे लागते, कारण दोन उत्तरे वेगळी येऊ शकतात.

उभ्या स्मारकाचा तुकडा काढता येत नाही. तिथे कार्स्टन नळी वापरतात. खाली पसरट तोंड असलेली ही काचेची नळी पुटीने भिंतीला चिकटवून, तीत पाणी भरून, 5, 10, 15 मिनिटांनी पातळी किती उतरली ते वाचतात. पुटीच्या कडेने पाणी झिरपले, तर मापन फुकट जाते.

आता तुमची भिंत. पाणी कमरेशीच थांबते, कारण खालून जितके चढते तितके तिथवरच्या पृष्ठभागावरून वाळून जाते. क्षार मागे राहतात, तोच लोणा. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला, तर वाळण्याची वाट अडते आणि ओल आणखी वर सरकते. हे आपल्याकडे सर्रास केले जाते.

वाड्यातली एखादी सुटी वीट वैशाखाच्या उन्हात आठवडाभर वाळवा, पसरट ताटात थोड्या पाण्यात दोन काड्यांवर ठेवा आणि 1, 4, 9 व 16 मिनिटांनी साध्या काट्यावर तोला. जो नवा गिलावा देणार, त्याच्या वाळलेल्या तुकड्यावरही हाच प्रयोग करा. तो तुकडा जवळजवळ काहीच पाणी पीत नसेल, तर गवंड्याला चुन्याचाच गिलावा करायला सांगा.