नोकरी सांभाळून पीएचडी होते का? बीडला ज्युनिअर कॉलेजवर शिकवतो

होते की. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमात पार्टटाइमला परवानगी आहे, फक्त तुम्ही शिकवता त्या संस्थेची एनओसी (ना-हरकत पत्र) लागते आणि ती सहीसाठी लटकते म्हणून आधी तिच्या मागं लागा. कमीत कमी ३ वर्षं, कोर्सवर्क धरून. विद्यापीठ संभाजीनगरचं नाहीतर नांदेडचं, पण खरी अडचण गाईडची, प्रोफेसरकडं ८, असोसिएटकडं ६ न् असिस्टंटकडं ४ च विद्यार्थी बसतात, तेव्हा जागा आहे का ते डिपार्टमेंटला जाऊनच विचारा. विषय मात्र स्वतःचा न्या, ऊसतोड कामगारांच्या मुलांचं शिक्षण असलं ढोबळ नको, एखाद्या तालुक्यात हंगामी वसतिगृहात कोण राहतं न् कोण आईबापासोबत फडावर जातं असं काहीतरी. आणि नेटची परीक्षा द्याच, २०२४ पासून तिचा स्कोअर पीएचडी प्रवेशालाबी चालतो.