तिसरा बोअर आणि मुलीची एफडी

अंबड तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय: घरची तीन एकर मोसंबी, एक एकर सहा वर्षांची, दोन एकर अठरा वर्षांची. 300 आणि 450 फुटांचे दोन्ही बोअर आटले. विहिरीवरची मोटर दिवसाआड पाऊण तास चालते. मालक म्हणतात, आता 800 फूट जाऊ. केसिंग, मोटर, केबल धरून अडीच लाख. त्यासाठी मुलीच्या इंजिनिअरिंगची 6 लाखांची एफडी मोडायची का?

ताई, मोडू नका. मुलीला शैक्षणिक कर्ज मिळेल हा मालकांचा मुद्दा खोटा नाही, पण मुलीच्या डोक्यावर कर्ज चढवून पैसा घालायचा कशात, तर काळ्या पाषाणात. आपल्याकडे पाणी साठतं ते वरच्या मुरमाड थरात आणि खडकाच्या फटींत. खाली जावं तशा फटी कमी होतात. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटरच्या, म्हणजे साधारण 200 फुटांच्या खाली गेलेली विहीर ‘खोल’ धरली आहे. तुमचे आटलेले दोन्ही बोअर त्याच्याही खालचे. पाणी दाखवणाऱ्या पानाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला म्हणून हा आकडा बदलत नाही. बोअरला पाण्याऐवजी नुसता फुफाटा निघाला तर मोटर विकून थोडे पैसे येतील. भोकाचे कोण देणार?

आता हिशेब पाण्याचा. पाऊण तासात 15 हजार लिटर येतं असं धरू, म्हणजे रोजचं साडेसात हजार. मोठ्या झाडाला उन्हाळ्यात ठिबकवर शंभरेक लिटर लागतं. नुसतं जगवायचं तर पन्नासवर भागवू. झाडं झाली दीडशे. 18 बाय 18 फुटांवर एकरात 134 बसतात. म्हणजे तुमच्याकडे पाणी एका एकराचं आहे आणि बाग तीन एकर.

तो एकर सहा वर्षांच्या झाडांचा ठेवा. बुडात पाचटाचं आच्छादन घाला आणि आंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतली फुलं, यंदा धरूच नका. जून उजाडला तर पावसाच्या तोंडावरच्या मृग बहाराचं बघू. अठरा वर्षांची बाग तशीही उतरणीला लागलेली. तिला पाणी नाही म्हणणं जिवावर येईल, मला कळतं. 2012-13 ला जालना जिल्ह्यात टँकर घालूनही कितीतरी बागा सरपणाला गेल्या. म्हणून टँकरचा आकडा आजच वहीत लिहा, माझ्या मते 40 हजार, आणि तो संपला की थांबा.

शेततळं या उन्हाळ्याला उपयोगाचं नाही, पुढच्याला आहे. उतरत्या बाजूंच्या 30 बाय 30 बाय 3 मीटरच्या तळ्यात सुमारे 22 लाख लिटर मावतं. रोज 8 मिलिमीटर उडालं तरी तीन महिन्यांत पाऊण मीटर पातळी जाते, तरीही एकराचा उन्हाळा निघतो. मात्र ते ओढ्याच्या पुरानं भरा. विहीर उपसून भरलं तर शेजाऱ्याचंच पाणी उन्हात ठेवल्यासारखं. तळ्याच्या अनुदानासाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करा. अनुदान काम झाल्यावर येतं, तोवरच्या खर्चाला एफडीवर कर्ज घ्या. व्याज एफडीच्या दरापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त पडतं, पण एफडी शाबूत राहते. पीककर्ज थकवू नका, नाहीतर व्याजाची सवलत हातची जाते.

पाऊण तासाचं पाणी मी अंदाजानं धरलंय. उद्या हजार लिटरची टाकी लावून ती भरायला किती मिनिटं लागतात ते बघा आणि कळवा. आकडा निम्मा निघाला तर एकरातलीही निवडक झाडंच ठेवावी लागतील.